मंगळाची माती आणली की नुसती तपासली?

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना मित्र म्हणाला, नासानं मंगळाची माती आणली की रं. आणली नाही भावा, अजून तिथंच हाय. नासाचे तिथले दोन रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी यंत्रं, दिसायला जुळे भाऊ, म्हणून घोळ होतो.

उसाच्या रानातली माती तपासायची दोन पद्धती असतात बघ, एक म्हणजे किट घेऊन बांधावरच बसायचं, दुसरी म्हणजे चार कोपऱ्यांतली माती पिशवीत भरून चिठ्ठी लावून लॅबला द्यायची. क्युरिऑसिटी 2012 ला उतरला तो बांधावरचा गडी, दगडाला ड्रिल मारून पीठ करतो, पोटातल्या भट्टीत भाजतो, निघालेला वायू तपासतो आणि फक्त निकाल इकडं पाठवतो. माती तिथंच.

2021 ला उतरलेला पर्सिव्हरन्स पिशवी भरणारा. दगडाला थोडंफार हुंगतो तोपण, पण मुख्य काम म्हणजे पोकळ ड्रिलनं खडूएवढी कांडी कापायची आणि टायटॅनियमच्या नळीत सील करायची. ऑगस्ट 2021 मधल्या पहिल्याच वेळी ड्रिल बरोबर, सील बरोबर आणि नळी रिकामी! दगड इतका भुसभुशीत की पीठ होऊन सांडला, मग त्या नळीला हवेचा नमुना म्हणून ठेवून घेतलं, हे मला लय आवडलं.

आता एवढा उपद्व्याप कशाला? 2024 ला त्याला बिबट्यासारखे ठिपके असलेला दगड सापडला, असले ठिपके जीवाणूंमुळं पडू शकतात किंवा नुसत्या रसायनांमुळंबी, आणि याचा निकाल रोव्हरवरच्या यंत्रांनी लागत नाही, त्याला इथली मोठी लॅबच पाहिजे.

पण आणायचं म्हटलं की खरा खर्च सुरू. नळ्या उचलायच्या, मंगळावरून रॉकेट उडवायचं जे आजवर कुणी केलेलं नाही, वर कक्षेत दुसऱ्या यानानं त्या नळ्यांचं भांडं झेलायचं, आणि हे सगळं करायला जाण्यायेण्याची सोयीची वेळ 26 महिन्यांतून एकदाच. 2024 ला नासानं सांगितलं की जुन्या प्लॅननं खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने 2040 शिवाय येत नाहीत.

आपल्याकडंबी तेच जोडीचं गणित, चांद्रयान-3 च्या प्रज्ञाननं चंद्रावरच गंधक ओळखलं, आणि 2024 ला मंजूर झालेलं चांद्रयान-4 माती घेऊन यायला जाणार.

मित्राला एवढं सगळं सांगितलं तर म्हणाला, मग त्या नळ्या हायत कुठं? दहा नळ्या थ्री फोर्क्स नावाच्या जागी उघड्यावर मांडून ठेवल्यात, बाकीच्या रोव्हरच्या पोटात.