साताऱ्याच्या मैदानापर्यंत आलेला लंबगोल चेंडू

सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर कधीतरी चार ओळी दिसतात: जिल्ह्यातल्या मुलींची रग्बी संघात निवड. वर कुस्तीच्या मैदानाची मोठी बातमी, शेजारी कबड्डीचा निकाल, आणि मधेच हा लंबगोल चेंडूचा खेळ. शालेय स्पर्धांमध्ये रग्बी आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, एवढं कारण बहुतेकांना पुरतं. पण या चार ओळींमागचा रस्ता फार लांबचा आहे, आणि त्यातला मोठा टप्पा बायकांनी स्वतःच्या खिशातून पार केला आहे.

भारतात रग्बी आला तो गोऱ्यांच्या पलटणींबरोबर. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला आणि पाठोपाठ क्लब निघाला. पुढे पलटण हलली, सभासद आटले. तेव्हा क्लबने बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवून चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या संघटनेला देऊन टाकला. नागाच्या मुठी, झाकणावर हत्ती. या ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. इथे मात्र खेळ मोठ्या शहरांतल्या जिमखान्यांच्या कुंपणाआडच राहिला. राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती थेट १९९८ मध्ये.

जगात बायकांना तरी कुठे कुणी बोलावलं होतं? पहिला आंतरराष्ट्रीय महिला सामना १९८२ मध्ये उट्रेख्टला नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये झाला. फ्रान्स ४-० जिंकला, म्हणजे सामन्यात एकच ट्राय. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. तेव्हा ट्रायला चार गुण होते, आता पाच आहेत.

खरी गोष्ट १९९१ ची. पुरुषांचा विश्वचषक १९८७ ला सुरू झाला होता, महिलांसाठी असं काही करायचं कुणाच्या मनात नव्हतं. लंडनच्या रिचमंड क्लबच्या डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी ते अंगावर घेतलं. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नाही, मोठा प्रायोजक नाही. तरी वेल्समध्ये बारा संघ जमले. सोव्हिएत संघाला देशाबाहेर पैसे नेता येत नव्हते, म्हणून त्या खेळाडूंनी विकून खर्च भागवायला व्होडका आणला होता. तो कस्टम्सच्या नजरेत आला आणि वेगळीच पंचाईत झाली; शेवटी स्थानिक लोकांनी त्यांना मदत केली. अंतिम सामन्यात कार्डिफला अमेरिकेने इंग्लंडला १९-६ हरवलं.

हे वाचताना मला पैलवान खाशाबांचं गाव, कराडजवळचं गोळेश्वर आठवतं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा केली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन कराडला परतले. त्या चौघींची धडपड आपल्या भागातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मान्यता १९९८ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पर्धेला मिळाली. ती न्यूझीलंडने जिंकली आणि पुढे आणखी पाच वेळा विश्वचषक नेला. पण मान्यता आली म्हणून पगार आला नाही. २०१४ ला जिंकलेल्या इंग्लंडची कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवायची. रग्बी पंधराजणींचा किंवा सातजणींचा असा खेळला जातो; इंग्लंडने पंधराच्या संघातल्या २८ जणींना पूर्णवेळ करार दिले ते २०१९ मध्ये. २७ सप्टेंबर २०२५ ला लंडनच्या ट्विकनहॅमला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं, तेव्हा मैदानात ८१,८८५ प्रेक्षक होते. त्याच वर्षी डेबोरा ग्रिफिन इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला.

आपल्या मुलींचा इतिहास अजून कोवळा आहे. सातजणींचा रग्बी आधी आला, आणि तेच सोयीचं होतं: सात-सात मिनिटांचे दोन डाव, छोटा संघ, कमी खर्च. रिओ २०१६ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. पंधराजणींचा भारतीय संघ पहिल्यांदा २०१८ मध्ये सिंगापूरला उतरला आणि हरला. पुढच्या वर्षी मनिलाला सिंगापूरच्या संघाला २१-१९ हरवून पहिला विजय मिळवला. संघाची कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा होती. शेवटच्या मिनिटांत पेनल्टीची किक मारून सामना काढला तो ओडिशाच्या सुमित्रा नायकने. देशाच्या संघात भुवनेश्वरच्या आदिवासी निवासी शाळेतल्या मुली आल्या, सिलिगुडीजवळच्या सरस्वतीपूर चहामळ्यातल्या मुली आल्या. जिमखान्याचं कुंपण तिथे मोडलं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे या खेळाला जमीन तयार आहे ती कबड्डीमुळे. समोरच्याच्या कमरेचा अंदाज घेणं, खाली वाकून पकड करणं, पडायला न भिणं, हे मुलींच्या अंगात आधीपासून असतं. काही सवयी मात्र मोडाव्या लागतात. कबड्डीत पकडलं की सोडायचं नाही. रग्बीत खाली पाडलं की लगेच सोडायचं, नाहीतर पेनल्टी. खांद्याच्या वर हात गेला तरी पेनल्टी, आणि पकड फार धोकादायक असेल तर थेट मैदानाबाहेर. हातातला चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. शिकणाऱ्या मुलीला हे सर्वांत अवघड जातं, कारण धावायचं पुढे आणि बघायचं मागे.

पळणं आणि पकडणं आपल्या मैदानावर शिकता येतं. किकचं तसं नाही. त्यासाठी एच आकाराचे उंच खांब लागतात, आणि बहुतेक शाळांच्या मैदानावर ते नसतात. मुली फुटबॉलच्या गोलावरून अंदाजाने चेंडू उडवतात. मनिलाचा सामना दोन गुणांनी निघाला, आणि शेवटची निर्णायक किक असल्याच खांबांमधून गेली होती. जिल्ह्यात मोठं स्टेडियम होईल तेव्हा होवो. लोखंडी पाइपचे चार खांब, दोन आडव्या पट्ट्या आणि खड्ड्यांत भरायला काँक्रीट, एवढं तर एखादी तालीम किंवा गावचं मंडळ यंदाच्या पावसाआधी उभं करू शकतं.