'शॅल' आणि 'शुड'च्या मधली जागा

१२ डिसेंबर २०१५, शनिवार, पॅरिसजवळचं ल बुर्जे. दोन आठवड्यांच्या खेचाखेचीनंतर जागतिक हवामान कराराचा फायनल मसुदा हातात पडला आणि अमेरिकेच्या वकिलांची नजर कलम ४ मधल्या एका शब्दावर अडली. श्रीमंत देशांनी उत्सर्जन कपातीची टार्गेट्स घेण्याबद्दलचं वाक्य होतं, आधी त्यात 'शुड' होतं, आता 'शॅल' आलं होतं. म्हणजे 'घ्यावीत'च्या जागी 'घेतलीच पाहिजेत'. तसंच राहिलं असतं तर करार मंजुरीसाठी अमेरिकन सिनेटकडे न्यावा लागला असता आणि तिथे तो पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग सगळा हॉल ताटकळत बसला, मंचामागे धावपळ, कुजबुज, आणि शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्याने बारीकसारीक दुरुस्त्यांची यादी वाचली त्यातच हा शब्दही टायपिंगची चूक असल्यासारखा बदलून टाकला. परिषदेचे अध्यक्ष लोरां फाबियुस यांनी मंजुरीची हातोडी आपटली, टाळ्या, मिठ्या, डोळ्यांत पाणी वगैरे.

आपण सहज म्हणतो की देश बोलतात एक आणि करतात एक. ते आहेच, पण मूळ मजकूर वाचायला घेतला की कळतं, बऱ्याच वेळा हेडलाइनमध्ये जे वचन दिसतं ते कागदावर दिलेलंच नसतं.

हे सुरुवातीपासूनच आहे. १९८८ मध्ये आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती, स्थापन झाली, १९९० मध्ये तिचा पहिला अहवाल आला, १९९२ मध्ये रिओत हवामान करारावर सह्या झाल्या. त्या वेळी सगळीकडे सांगितलं गेलं की श्रीमंत देश २००० सालापर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणणार. आता कलम ४.२ उघडून बघा. 'दशकाच्या अखेरपर्यंत' हे आहे एका उपकलमात, तिथे पातळी नुसती 'पूर्वीची', कुठल्या वर्षाची ते नाही, आणि १९९० हे वर्ष आहे पुढच्या उपकलमात, तिथे मुदत नाही आणि वर 'उद्देश ठेवून' असं शेपूट! थोरल्या बुश यांच्या सरकारला बंधनकारक आकडा नको होता म्हणून केलेली ही कारागिरी, आणि मानलं पाहिजे, फार सुबक आहे. याच करारात 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्वही आलं, म्हणजे ज्यांनी आधी धूर सोडला त्यांनी आधी आवरायचं. तिथून पुढचं अर्धं भांडण या एका तत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे मतदान. या करारातल्या देशांच्या १९९५ च्या बर्लिनमधल्या पहिल्या परिषदेत कामकाजाचे नियम ठरायचे होते, पण किती मतांनी निर्णय घ्यायचा हा नियम काही ठरला नाही, बहुमताला तेल विकणाऱ्या देशांचा विरोध होता. तो नियम आजही लटकलेला आहे, दर परिषदेत तो सोडून बाकीचे नियम लागू करतात आणि काम एकमताने चालतं. आता जवळपास दोनशे देशांचं एकमत म्हणजे जो सगळ्यात कमी करायला तयार आहे त्याला चालेल तेवढंच. एकमत झालं की नाही हेही शेवटी हातोडी धरणाराच ठरवतो, २०१० मध्ये कानकूनला बोलिव्हिया नाही नाही म्हणत राहिलं आणि हातोडी पडली.

टार्गेटसाठी खरंखुरं 'शॅल' फक्त क्योटोच्या करारात होतं, १९९७ मध्ये. श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास कपात करायची, प्रत्येकाचा आकडा वेगळा, बंधनकारक. झालं काय? क्योटोच्या आधीच, जुलैमध्ये, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं होतं की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असला करार आम्हाला नको. क्लिंटन सरकारने सही केली पण सिनेटकडे करार पाठवलाच नाही आणि २००१ मध्ये धाकटे बुश सरळ बाहेर पडले. रशियाने होकार दिला तेव्हा कुठे २००५ मध्ये करार लागू झाला. कॅनडाला ६ टक्के कमी करायचे होते, उत्सर्जन उलट वाढलं, तर २०११ च्या डिसेंबरात त्यांनीही रामराम ठोकला, दंड वगैरे काही नाही. उरलेल्यांनी मिळून टार्गेट गाठलं खरं, पण त्यात मोठा हात सोव्हिएत संघ कोसळल्यावर बंद पडलेल्या कारखान्यांचा, काही न करता आयत्या मिळालेल्या या कपातीला वाटाघाटींतले लोक 'हॉट एअर' म्हणायचे.

क्योटोतून देशांनी धडा घेतला तो उलटाच, की बंधन घातलं तर लोक पळतात. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत घाईघाईत जे तयार झालं त्याची परिषदेने फक्त 'नोंद घेतली', पण साचा तिथेच पडला, ज्याने त्याने आपला आकडा स्वतः लिहून आणायचा. पॅरिसने त्याचाच करार केला. योजना बनवणं, जमा करणं, दर पाच वर्षांनी नवी देणं हे बंधनकारक. त्यातलं टार्गेट गाठणं बंधनकारक नाही, तिथे पुन्हा तेच 'उद्देश ठेवून'. २३ वर्षांनी तेच शेपूट! तरी पॅरिस फुकट गेलं असं मला वाटत नाही, कारण याशिवाय चीन, भारत, अमेरिका एका कागदावर आलेच नसते, पण मग गाठलं नाही म्हणून आश्चर्य तरी का वाटावं.

पैशाचं थोडक्यात. गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर हे श्रीमंत देशांचं कोपनहेगनचं आश्वासन, ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशोबाने पूर्ण झालं २०२२ मध्ये, त्यातही बराचसा भाग कर्जाचा. २०२४ ला बाकूत नवा आकडा आला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. गरीब देश १.३ ट्रिलियन मागत होते.

आणि ज्यामुळे हे सगळं होतंय त्याचं नाव? कोळसा मुख्य निर्णयात पहिल्यांदा आला २०२१ ला ग्लासगोत, तोही शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने 'फेज आउट'चं (बंद करणं) 'फेज डाउन' (कमी करणं) होऊन, अध्यक्ष आलोक शर्मा यांचा आवाज भरून आला तो तेव्हाच. सगळ्या जीवाश्म इंधनांचं नाव यायला २०२३ चं दुबई उजाडलं, तिथेही त्यांच्यापासून दूर जायचं देशांना 'आवाहन' आहे, आदेश नाही. २०२५ च्या ब्राझीलमधल्या बेलेंच्या परिषदेत ऐंशीच्या वर देशांना त्याचा रोडमॅप हवा होता, अंतिम मजकुरात तो आलाच नाही.

पॅरिसनुसार नव्या योजना द्यायची मुदत १० फेब्रुवारी २०२५ होती. टार्गेटबाबत बंधनकारक आहे ते मुख्यतः एवढंच, कागद जमा करणं. डझनभर देशांनी तो वेळेत दिला. मग सचिवालय सप्टेंबरपर्यंत थांबलं, तोवर देणारे देश झाले ६४. न देणाऱ्यांसाठी पॅरिस करारात एक समिती आहे आणि तिच्या कलमातच लिहून ठेवलंय की ती शिक्षा करणार नाही.