स्ट्राँगमन : हलक्या वजनगटातून पुनरागमन

ओंडका, दगड, जू, गाडी अशा अवजड आणि बेढब वस्तू उचलणे, वाहणे व ओढणे या स्ट्राँगमन खेळातून काही वर्षे बाहेर राहिलेला खेळाडू पूर्वीपेक्षा खालच्या वजनगटात परततो, ती पद्धत. दुखापत, चाळिशी, वाढलेला रक्तदाब, झोपेत श्वास अडकण्याची तक्रार ही त्यामागची नेहमीची कारणे.

‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा 1977 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, तेव्हापासून तिच्या मुख्य लढतीला वजनाची मर्यादा नाही. त्यामुळे वजन वाढवत नेणे हाच या खेळाचा रिवाज पडला. वजनगट नंतर आले. पुरुषांत 105, 90 व 80 किलोंखालील आणि स्त्रियांत 82, 73 व 64 किलोंखालील गट आज बऱ्याच ठिकाणी दिसतात. 40 वर्षांपुढच्यांसाठी मास्टर्स गटही असतो. अमेरिकेत अनेक स्पर्धा पौंडांत चालतात. 200 पौंडांच्या गटात 90.7 किलो वजन चालते, तेच 90 किलोंच्या गटात बाद ठरते. म्हणून नावनोंदणीपूर्वी नियमपत्रिकेतला आकडा आणि एकक दोन्ही पाहावे लागतात. वजन उतरवून परतलेल्यांत आइसलंडच्या हाफथॉर ब्यॉर्नसनचे नाव हटकून निघते. 2020 मध्ये 501 किलोंची डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे), मग बॉक्सिंगसाठी घटवलेले वजन आणि 2025 मध्ये 510 किलो. मात्र हे पुनरागमन खुल्या गटातले आणि वजन पुन्हा वाढवून केलेले होते, त्यामुळे हलक्या गटासाठी तो दाखला फारसा कामाचा नाही.

गट निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वजन कधी होणार हा. आदल्या दिवशी वजन असेल तर सुमारे 24 तास हाताशी असतात. त्याच सकाळी असेल तर जेमतेम दोन तास. कुस्तीत दुसऱ्या दिवशीही काट्यावर उभे राहावे लागते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलोंच्या गटात 100 ग्रॅमने बाद झाली ती अंतिम फेरीच्या सकाळी. स्ट्राँगमनमध्ये बहुधा एकदाच वजन होते. ही सवलत मोहात पाडते. 105 चा खेळाडू थेट 90 वर डोळा ठेवतो आणि स्पर्धेच्या दिवशी रिकाम्या पोत्यासारखा मैदानात येतो.

98 किलोंचा खेळाडू 90 च्या गटात उतरणार असे धरू. रोजच्या आहारात साधारण 500 कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन जाते. 12 आठवड्यांत तो 93 वर येतो. उरलेले तीन किलो शेवटच्या आठवड्यातले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि त्याचा पहिला फटका लॉग प्रेसला, म्हणजे ओंडका डोक्यावर ढकलण्याला बसतो. डेडलिफ्ट त्यामानाने टिकून राहते. प्रथिने दर किलो वजनामागे दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे या खेळाडूला दिवसाला 190 ग्रॅम लागतात. नुसत्या वरण-भातावर हे गणित बसत नाही. अंडी, चिकन, मासे, पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा व्हे पावडर यांची जोड द्यावीच लागते.

शेवटच्या तीन किलोंत आतड्यातल्या चोथ्याचा वाटा मोठा असतो. वजनापूर्वी तीन दिवस भाकरी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर बंद करून मोजका पांढरा भात, अंडी, दही यांवर राहिले की अर्धा ते एक किलो आपोआप कमी होतो, आणि ताकदीला धक्का लागत नाही. दुसरा वाटा ग्लायकोजेनचा. स्नायूंत साठलेल्या या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. दोन-तीन दिवस भात-पोळी कमी केली की एखादा किलो जातो, जेवल्यावर परतही येतो. यानंतर जे उरते तेवढेच घामावर काढायचे. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. एकूण उतार तीन टक्क्यांपर्यंत असेल तर 24 तासांत भरपाई होते. वजन त्याच सकाळी असेल तर घामाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

पाण्याबाबत दोन चुका वारंवार होतात. दिवसाला आठ-दहा लिटर पाणी ढोसून मग अचानक बंद करण्याच्या नादात रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. दुसरी चूक लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची. त्या प्रतिबंधित औषधांच्या यादीत आहेत आणि हृदयाचा ठोका बिघडवू शकतात. 1997 मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल वजन उतरवताना दगावले. त्यानंतरच तिथले नियम बदलले. ज्याला रक्तदाबामुळे वजन कमी करायला सांगितले आहे, त्याने वाफेच्या खोलीत बसणे तर शुद्ध वेडेपणा.

सरावात जुने आकडे घात करतात. स्नायूची ताकद काही आठवड्यांत परतू लागते, स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा मागे राहतो. पहिले चार आठवडे पूर्वीच्या कमाल वजनाच्या 50 ते 60 टक्क्यांवर काढावेत, मग आठवड्याला सुमारे पाच टक्के वाढ. दगड आणि टायर उलटणे ही दोन कामे सर्वांत शेवटी सुरू करावीत. कोपर वाकवून ओझे ओढले की दंडाच्या पुढच्या स्नायूचा कंडरा तुटतो, तो नेमका याच दोन कामांत. हात सरळ, दोरासारखे ठेवून उचल पाय आणि कंबरेतून घ्यायची. स्पर्धेआधीचा शेवटचा जड दिवस 10 ते 12 दिवस अगोदर ठेवावा.

शरीर बारीक झाले की प्रत्येक साधन नव्याने शिकावे लागते, ही गोष्ट अनुभवी खेळाडूही विसरतात. लॉग मांडीवर घेऊन पोटावरून छातीकडे गुंडाळत नेतात. पूर्वी पोटाचा आधार होता, आता लॉग पट्ट्याच्या बकलात अडकतो. बकल बाजूला फिरवून बांधणे किंवा पुढे मऊ पट्टा वापरणे हा त्यावरचा साधा उपाय. शिवाय माणूस हलका आणि ओझे तेच असेल तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य पुढे सरकतो. 120 किलोंचा दगड 98 किलोंच्या देहाला जितका पुढे खेचतो त्याहून अधिक 90 च्या देहाला खेचतो. तो पोटाशी घट्ट आवळून मागे जास्त झुकावे लागते. डांबरासारखा चिकट टॅकी हातांना लावून ही कसर भरून निघत नाही. गाडी ओढताना अंगावरचे वजन हीच पकड असल्याने तिथे तोटा ठरलेला. फायदा चालण्याच्या प्रकारांत आहे. यॉक (खांद्यावर जड चौकट घेऊन चालणे) व फार्मर्स वॉक (दोन्ही हातांत ओझी घेऊन चालणे) यांत पावले झपझप पडतात, दम लवकर जात नाही, आणि खालच्या गटात ओझीही कमी ठेवलेली असतात. म्हणून स्पर्धेच्या पाच प्रकारांपैकी किती चालण्याचे आहेत, हे मोजूनच गट ठरवावा.

पुनरागमनाची पहिली स्पर्धा मात्र घाम न काढता, सहज बसेल त्या गटात खेळणेच शहाणपणाचे. खालचा गट दुसऱ्या खेपेला.

वजन झाल्यावर गेलेल्या वजनाच्या दीडपट द्रव हळूहळू घ्यायचे: दोन किलो घाम गेला असेल तर तीन लिटर, तासाला लिटरच्या आतच. साध्या पाण्यापेक्षा ओआरएस बरे, कारण मीठ नसेल तर पाणी लघवीवाटे निघून जाते. मग मीठ घातलेला मऊ भात, केळी, बटाटा. तेलकट मिसळ त्या दिवशी नको. दुसऱ्या सकाळी यॉकच्या आडव्या दांड्याची उंची जुन्या वहीतून न घेता नव्याने बघावी. मानेखालचा मांसल भाग उतरल्याने दांडा खाली बसतो, आणि उंची एक भोक कमी केली नाही तर यॉकचे पाय पहिल्या पाच मीटरांतच जमिनीला घासतात.