ड्रेनेज जोडणीचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि रस्ता खोदाईचा खर्च

घराचे सांडपाणी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या मलवाहिनीला जोडायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, फी किती? पण जोडणीचे शुल्क हा सहसा एकूण खर्चातला लहान भाग असतो. खरा पैसा लागतो तो रस्ता खोदून पुन्हा पूर्ववत करायला, पाइपला उतार मिळवायला आणि जुनी सेप्टिक टँक नीट बंद करायला. यातले बरेचसे अर्ज भरण्याआधीच कळू शकते. म्हणून आधी जागेवर काय बघायचे ते पाहू आणि मग कागदांकडे वळू. इथली माहिती महाराष्ट्रातल्या शहरांपुरती आहे. शुल्काचे दर प्रत्येक पालिका स्वतः ठरवते, त्यामुळे दर तिथल्याच दरपत्रकात बघावे लागतात.

आधी मलवाहिनी कुठे आणि किती खोल

घरासमोर गटार आहे म्हणजे मलवाहिनी आहे असे नाही. पावसाळी गटार वेगळे आणि मलवाहिनी वेगळी. पावसाळी गटारातले पाणी प्रक्रिया न होता नाल्यात आणि नदीत जाते. संडासाची लाईन त्याला जोडणे बेकायदा आहे, आणि जोडली की तो मैला खालच्या वस्तीतल्या लोकांच्या दारातून वाहतो. रस्त्यातले झाकण पाहून अंदाज बांधू नका. ड्रेनेज विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे तुमच्या रस्त्याचा मलवाहिनीचा नकाशा असतो. तो बघून तीन गोष्टी लिहून घ्या: जवळच्या चेंबरचे अंतर, मलवाहिनीचा व्यास आणि तिथली इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी.

ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सांडपाणी उतारानेच वाहते. चार इंची पाइपला ४० फुटांत एक फूट आणि सहा इंचीला ६० फुटांत एक फूट उतार हा प्लंबिंगमधला जुना ठोकताळा आहे. घराच्या शेवटच्या चेंबरपासून मलवाहिनी १८ मीटरवर असेल, तर चार इंची पाइपला ४५ सेंटिमीटर उतार लागतो आणि सहा इंचीला ३० सेंटिमीटर. तेवढा फरक मिळत नसेल तर घरातलीच लाईन वर घ्यावी लागते किंवा पंप बसवावा लागतो. पंप एकदा बसवून भागत नाही. वीज, देखभाल आणि वीज गेल्यावर साठवणीची टाकी, हे सगळे कायमचे मागे लागते. उतार कमी ठेवून ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या प्लंबरचे ऐकू नका. पाणी पुढे जाते, घट्ट मैला मागे राहतो आणि मग दर काही महिन्यांनी लाईन तुंबते.

घराचा तळमजला रस्त्यापेक्षा खाली असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणाऱ्या झडपेचा खर्च आत्ताच धरा. मुख्य वाहिनी भरली की पाणी उलटे फिरते आणि सर्वांत खालच्या बाथरूममधून वर येते.

अर्ज कोण करू शकतो

मिळकतीचा मालक अर्ज करू शकतो. भोगवटादार किंवा भाडेकरूलाही करता येतो, पण मालकाचे लेखी संमतीपत्र मागितले जाते. सहमालक असतील तर सगळ्यांची संमती लागते, आणि वाटणीवरून वाद चालू असलेल्या घरांचे अर्ज इथेच अडकतात. सोसायटीची लाईन असेल तर अर्ज सोसायटीच्या नावाने होतो आणि त्याला व्यवस्थापन समितीचा ठराव जोडतात. एकट्या फ्लॅटमालकाने अर्ज करून उपयोग नाही.

महापालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम, तर मुंबईला स्वतःचा १८८८ चा कायदा. मालकाला पालिकेच्या मलवाहिनीत सांडपाणी सोडण्याची मुभा आहे, पण ती परवानगी घेऊन. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जवळ मलवाहिनी असूनही घर जोडलेले नसेल तर जोडणी घ्या अशी नोटीस पालिका काढू शकते, आणि मालकाने काम केले नाही तर ते करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. नोटिशीची वाट बघू नये असे मला वाटते ते याचसाठी. स्वतः पुढाकार घेतला तर प्लंबर आणि कामाचा हंगाम निवडणे आपल्या हातात राहते.

गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या घरांबद्दल खूप गैरसमज आहेत. गुंठेवारी अधिनियम २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. नियमित झालेल्या घराला त्या प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. जिथे बांधकाम अजून नियमित नाही तिथे काही पालिका सार्वजनिक आरोग्याचा विचार करून हमीपत्रावर जोडणी देतात. अशी जोडणी मिळाली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही आणि हमीपत्रात तसे लिहिलेलेच असते. जोडणीची पावती दाखवून ‘घर अधिकृत आहे’ असे सांगत घर विकणाऱ्यापासून सावध राहा.

कागदपत्रे

मालकीचा पुरावा म्हणून मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, सोबत खरेदीखत किंवा इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा). चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला. थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून हा कागद सगळ्यात आधी मिळवा. मालक मयत असेल आणि करबिलावर अजून त्यांचेच नाव असेल तर आधी नाव हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला जोडणीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

त्याशिवाय अर्जदाराचे ओळखपत्र, मंजूर बांधकाम नकाशा, नव्या इमारतीसाठी भोगवटा प्रमाणपत्र, नळजोडणीचे अलीकडचे बिल आणि गरजेनुसार संमतीपत्र किंवा हमीपत्र.

खरे काम आहे ड्रेनेजच्या नकाशाचे. तो पालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडून काढून, त्याच्या सहीशिक्क्यासह जोडतात. नकाशात प्रत्येक चेंबर, पाइपचा व्यास, उतार, गली ट्रॅप (वास आणि वायू अडवणारा पाण्याचा सापळा) आणि जोडणीचा नेमका बिंदू दाखवलेला हवा. इतर कागद कमी पडले तर एका फेरीत देता येतात. नकाशा चुकला तर स्थळपाहणीत अर्ज परत येतो. प्लंबर प्रत्यक्ष टेपने मापे घेतो की अंदाजाने रेघा ओढतो, ते बघा. परवाना चालू वर्षाचा आहे का हेही विचारा.

पैसा कुठे कुठे जातो

पालिकेकडे भरायची रक्कम बहुधा अर्ज शुल्क, जोडणी शुल्क आणि अनामत या नावांनी येते. नव्या बांधकामात विकास शुल्क आधीच भरलेले असते. ती पावती सोबत ठेवा आणि त्याच गोष्टीची पुन्हा आकारणी झाली नाही ना, ते तपासा.

यानंतर रस्ता. खोदाईची परवानगी पथ विभाग देतो, ड्रेनेज विभाग नाही. पुनःस्थापना शुल्क, म्हणजे रस्ता पूर्ववत करण्याचा आकार, खोदाईच्या क्षेत्रफळावर किंवा लांबीवर आणि रस्त्याच्या प्रकारावर ठरते. मुरमाचा रस्ता सगळ्यात स्वस्त, डांबरी त्याहून महाग आणि काँक्रीटचा सगळ्यात महाग. १२ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद चर म्हणजे ७.२ चौरस मीटर. या आकड्याला तुमच्या पालिकेच्या दराने गुणले की डिमांड नोट, म्हणजे पालिकेचे मागणीपत्र, यायच्या आधीच रक्कम कळते. मलवाहिनी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असेल तर पूर्ण रुंदी खोदावी लागते. म्हणून शेजारच्या घराचे किंवा आपल्याच बाजूचे चेंबर जोडणीला चालेल का, हे अभियंत्याला नक्की विचारा.

तुमच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण होणार असेल तर जोडणी त्याआधी घ्या. या एका निर्णयाने जेवढी बचत होते तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही. नवा रस्ता झाल्यावर पालिका काही काळ खोदाईला परवानगीच देत नाहीत आणि दिली तरी शुल्क वाढलेले असते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकत्र अर्ज केला तर एकाच चरात काम होते आणि खर्च वाटला जातो. पावसाळ्यात खोदाई बंद असते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये कागद घेऊन गेलात तर काम दिवाळीवर जाण्याची शक्यता धरून चाला.

पालिकेने मलवाहिनी टाकण्याचे काम नुकतेच काढले असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. केंद्राच्या १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० अभियानात मलनिःसारण हा मोठा भाग आहे. तुमच्या भागातल्या कामाच्या निविदेत घराच्या हद्दीपर्यंतचे चेंबर आणि पाइप धरलेले आहेत का? धरलेले असतील तर रस्त्यातला खर्च तुमच्यावर येत नाही. ठेकेदाराचा मुकादम पैसे मागत असेल तर देण्याआधी अभियंत्याकडून हे लेखी घ्या.

हद्दीच्या आतले काम पूर्णपणे मालकाचे. जमिनीखाली टाकायच्या पाइपवर आयएस १५३२८ हे मानक छापलेले असावे. भिंतीवरून उतरणारे एसडब्ल्यूआर (संडास, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचे) पाइप आयएस १३५९२ चे असतात आणि ते जमिनीखाली वाहनांच्या भाराला योग्य नाहीत. दिसायला सारखे असल्याने अनेकदा तेच गाडले जातात. पाइपच्या किमतीत वाचवलेले पैसे पुढे फरशी फोडायला लागतात.

अर्ज, स्थळपाहणी आणि मुदत

अर्ज नागरी सुविधा केंद्रात, पालिकेच्या संकेतस्थळावर किंवा जिथे सोय आहे तिथे ‘आपले सरकार’ पोर्टलवरून करता येतो. त्यानंतर कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, नकाशा तपासतो, डिमांड नोट निघते. पैसे भरल्यावर खोदाईची परवानगी आणि मग जोडणीचा आदेश. आदेश हातात येईपर्यंत मुख्य वाहिनीला हात लावू देऊ नका.

जलनिःसारण जोडणी ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. याचा अर्थ असा की अर्ज घेतल्याची पोच, अर्ज क्रमांक आणि सेवेची मुदत हे सगळे मिळणे तुमचा हक्क आहे. मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचे, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे, पद कार्यालयातल्या फलकावर लावलेले असते. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते, त्यापुढे द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अर्ज फेटाळल्याची कारणे लेखी द्यावी लागतात. पुरेसे कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोंडी ‘कागद कमी आहेत’ ऐकून परत फिरू नका. काय कमी आहे ते अर्जाच्या प्रतीवर लिहून मागा. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे दाखवता येत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जुनी सेप्टिक टँक

नवी लाईन सुरू झाली की जुनी टँक तशीच सोडून दिली जाते. हे धोक्याचे आहे. आत वायू साठतो, स्लॅब कमकुवत होतो आणि वर माणूस किंवा मूल चालत असते. टँक सक्शन टँकरने रिकामी करून, तळाला भोके पाडून मुरूम किंवा वाळूने भरून घ्यावी. सेप्टिक टँकमधून पाणी जाणारा रस्ता नव्या लाईनला जोडू नका. घराची लाईन थेट चेंबरमध्ये न्या.

टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही, भोके पाडण्याचे कामही वरून यंत्राने करवून घ्या. सुरक्षा साधनांविना माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो ठेकेदारापुरता मर्यादित नाही, कामाला लावणाऱ्या घरमालकावरही येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. रक्कम कितीही असो, आत गेलेला माणूस विषारी वायूने काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. टँकर मागवण्यासाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

काम चालू असताना

चर बुजवण्याआधी लाईन पाण्याने तपासून घ्या: खालचे तोंड बंद करून पाइप भरायचा आणि पातळी उतरते का ते पाहायचे. उघड्या चरातल्या पाइपचे, सांध्यांचे आणि जोडणीच्या बिंदूचे फोटो मापपट्टी ठेवून काढा. पुढे कधी तुंबले तर कुठे खोदायचे हे त्या फोटोंवरून कळते. गच्चीचे पावसाचे पाणी या लाईनला कधीही जोडू नका. मलवाहिनीचे आराखडे माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातला ८० टक्के भाग सांडपाणी, या हिशेबाने आखले जातात. पाच जणांच्या घराचे दिवसाला साधारण ५४० लिटर होतात. एका जोरदार सरीत गच्चीवरून याच्या कितीतरी पट पाणी येते आणि मग चेंबरची झाकणे उचलून मैला रस्त्यावर येतो.

काम पूर्ण झाले की जोडणीचा दाखला आणि अनामत परत मिळण्यासाठीचा अर्ज विसरू नका. रस्ता पूर्ववत झाल्याची पाहणी झाल्यावरच अनामत सुटते. पुढच्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कर किंवा मलनिःसारण लाभ कर ही ओळ तपासा. भागात मलवाहिनी आली की जोडणी नसली तरी लाभ कर लागलेला असू शकतो. जोडणी घेतल्यावर तोच आकार दोन नावांनी आला असेल तर जोडणीचा दाखला आणि मागील बिल जोडून करआकारणी विभागात लेखी हरकत द्या.