डेंटल प्लॅनची तक्रार कुठेच करता येत नाही?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: दातांचा किंवा चष्म्याचा प्लॅन म्हणजे खरा आरोग्य विमा नव्हे, त्यावर सरकारचं नियंत्रण नसतं, म्हणून दावा नाकारला गेला तर गप्प बसायचं. हे साफ चूक आहे, आणि त्यापायी लोक हक्काचे पैसे सोडून देतात याचं फार वाईट वाटतं.

विम्यावरची देखरेख मुख्यतः राज्यांकडे, हे 1945च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानं पक्कं केलं. दात किंवा डोळ्यांसारख्या मर्यादित सेवांचे प्लॅन त्यातून सुटलेले नाहीत. कॅलिफोर्नियात 1975च्या नॉक्स-कीन या आरोग्य प्लॅनविषयीच्या कायद्याखाली फक्त दातांचे किंवा डोळ्यांचे प्लॅनही परवाना घेऊन चालतात. अशा प्लॅनची तक्रार आधी कंपनीकडे करायची. 30 दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर खात्याकडे जायचं. फ्लोरिडात तर वैद्यकीय सवलतीची कार्डं विकणाऱ्या कंपन्यांनाही परवाना लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2022 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: डेंटल विमा कंपनीनं हप्त्यांतले किमान 83 टक्के उपचार आणि दर्जासुधारणेवर खर्चावेत, नाहीतर फरक ग्राहकांना परत द्यावा.

एक अपवाद मात्र खरा आहे. नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या पैशातून प्लॅन चालवत असेल, तर 1974च्या एरिसा या नोकरीतल्या लाभांविषयीच्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे विमा नियम तिथे सहसा लागू होत नाहीत. दाद केंद्रीय कामगार खात्याकडे मागावी लागते. तेव्हा एचआरला आधी एवढंच विचारा: आपला प्लॅन विमा कंपनीचा, की सेल्फ-फंडेड, म्हणजे आपल्या कंपनीच्याच पैशातून चालणारा?