'पानाह' आपल्या 'बाणा'वरून आला का?

इंडोनेशियात तिरंदाजीच्या खेळाला 'पानाहान' म्हणतात. मूळ शब्द 'पानाह', म्हणजे धनुष्यही आणि बाणही. मराठी कानाला त्यात लगेच 'बाण' ऐकू येतो. त्यात जावाच्या छायानाट्यात महाभारतही आहे. तिथे शिखंडीची 'श्रीकंडी' झाली आहे, धनुर्धर स्त्री आणि चक्क अर्जुनाची बायको! मग शब्दही आपल्याकडूनच गेला असणार, असे वाटणे साहजिक आहे. इंडोनेशियाची भाषा ज्या मलयवर उभी आहे, तिने संस्कृतातून भरपूर शब्द उचलले हेही खरेच. 'पानाह' मात्र त्यांतला नाही.

हाच शब्द फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत 'पाना', आणि पॅसिफिक महासागरातल्या फिजीत 'वाना' व सामोआत 'फाना' असा भेटतो. आता 'सात' हा आकडा घ्या: टागालोग 'पितो', फिजी 'वितु', सामोआ 'फितु'. 'प'चा फिजीत 'व' आणि सामोआत 'फ' होतो, तोही ठरल्यासारखा. शब्दाचा शेवटही असाच नियमाने बदलतो. मलयमध्ये 'ह' उरतो, टागालोगमध्ये घशात अडकणारा हलका झटका, आणि फिजी-सामोआत काहीच नाही. 'भरलेला' या अर्थाचा मलय 'पनुह' आणि टागालोग 'पुनो' तंतोतंत याच वाटेने गेले आहेत. उसन्या शब्दाच्या अंगावर इतके जुने नियम उमटत नाहीत. शिवाय फिजी आणि सामोआत माणसे पोहोचली ती सुमारे 3,000 वर्षांपूर्वी, मलय मुलखात संस्कृत पोहोचण्याच्या कितीतरी आधी. आग्नेय आशियातून निघताना हा शब्द त्यांच्या तोंडी होताच.

रॉबर्ट ब्लस्ट यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी अशा तुलनेतून मूळ रूप उभे केले: 'पानाक़', शेवटी अरबीतल्यासारखा खोल 'क़'. अर्थ 'बाण मारणे'. सुमारे 5,000 वर्षांपूर्वी तैवानमध्ये बोलल्या जाणाऱ्या, या सगळ्या भाषांच्या आदिभाषेतले हे क्रियापद. धनुष्याला वेगळा शब्द होता. त्याचेच मलयमध्ये 'बुसुर' आणि टागालोगमध्ये 'बुसोग' झाले.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो अर्थाचा प्रवास. पॅसिफिकमधल्याच ताहिती बेटावर धनुष्य लढाईसाठी नव्हतेच. तिथले सरदार दगडी चौथऱ्यावरून, बाण कोणाचा लांब जातो याची चुरस लावत. सामोआत बंदूक आली आणि 'फाना' तिचेच नाव झाले. न्यूझीलंडच्या माओरींनी युद्धात धनुष्य वापरले नाही, पण शब्द टाकला नाही. त्यांच्या भाषेत 'फाना' म्हणजे ताणलेली वस्तू झटक्याने मागे येणे, किंवा सरळ लाथ मारणे.