मुंबईच्या संग्रहालयांतील शिक्षण आणि ग्रंथालये : पार्श्वभूमी

राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बहुतेकांनी शाळेच्या सहलीत, रांगेतून पुढे सरकत पाहिलेलं असतं. पण ते उभं राहिलं शिकवण्यासाठीच. १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बराकीत ते सुरू झालं; जे. जे. कलाशाळेचे वर्गही त्याच वर्षी भरू लागले. तेवढ्यात उठाव झाला, लष्कराने बराक ताब्यात घेतली आणि संग्रहाची परवड झाली. डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, संग्रहालयाचे क्युरेटर जॉर्ज बर्डवुड यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. १८६२ मध्ये कोनशिला बसली आणि २ मे १८७२ रोजी नवी इमारत लोकांसाठी खुली झाली.

तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृती जरा थांबून पाहाव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे.चे प्राचार्य सेसिल बर्न्स संग्रहालयाचंही काम पाहत होते. त्यांच्या काळात इथल्या लोकांचे पेहराव, व्यवसाय, खेळ असे मातीत घडवले गेले. पगडीची घडी, लुगड्याचा काठ बोटभर आकारात नेमका उतरला आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही समोर उभं राहून समजेल, असा हा धडा आहे. माझ्या मते मुंबईतल्या संग्रहालय-शिक्षणाचा खरा पाया हाच.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला १९०५ ची. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ आलं आणि संग्रहालय उघडायला १९२२ साल उजाडलं. पुढे डॉ. मोतीचंद्र, सदाशिव गोरक्षकर असे स्वतः संशोधन करणारे संचालक लाभले. अशा माणसांना हाताशी पुस्तकं लागतातच. कला, पुरातत्त्व आणि इतिहास यांवरचं तिथलं संदर्भ ग्रंथालय म्हणूनच दालनांइतकं मोलाचं आहे. मूर्ती पाहून पडलेला प्रश्न त्याच आवारात पुस्तकातून तपासता येतो, ही सोय किती शहरांत असेल?

आता दोन्हीकडे पदविका अभ्यासक्रम आहेत. वस्तुसंग्रहालयाची फिरतं प्रदर्शन घेऊन जाणारी बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांपर्यंत जाते, तर आवारातल्या गोरखचिंचेच्या झाडाभोवती २०१९ मध्ये मुलांचं संग्रहालय सुरू झालं. मुलांसाठी इतकं घडलं, याचा आनंद आहेच. पण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही त्या ग्रंथालयाची वाट कॉलेजातून, पहिल्याच वर्षी दाखवायला हवी.